आडोशाचे कुंपण आणि त्याची पहिली तीन वर्षे

बंगल्याभोवतीची भिंत जमिनीची हद्द दाखवते, पण आत राहणाऱ्यांना ती आडोसा देईलच असे नाही. उभ्या असलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असतात आणि रस्त्याकडच्या भरीव भिंतीची उंचीही इमारतींविषयीच्या नियमांत सामान्यतः तेवढ्यावरच थांबवलेली असते. त्यामुळे भिंत जिथे संपते, नेमकी तिथूनच रस्त्यावरच्या माणसाची नजर आत शिरते. ही उणीव भरून काढण्यासाठी भिंतीच्या आतून किंवा भिंतीऐवजी झुडपांची दाट रांग लावण्याची पद्धत शहरांच्या कडेच्या बंगल्यांत, रो हाउसच्या वसाहतींत आणि गावाकडे बांधलेल्या नव्या घरांतही रुळली आहे. मात्र अशा लागवडीचा बराच भाग पाच-सहा वर्षांत एकाच दोषाने बिघडलेला दिसतो: वर हिरवा झुपका, खाली उघड्या काटक्या आणि त्यांच्यामधून आरपार दिसणारे अंगण. या दोषाचे कारण खतात किंवा पाण्यात क्वचितच सापडते. रोपे लवकर उंच व्हावीत या घाईपोटी पहिल्या दोन वर्षांत त्यांना कात्री लावली जात नाही, आणि तेव्हा राहून गेलेला दाटपणा पुढे झुडूप बुंध्यापासून कापून नव्याने वाढवल्याखेरीज परत मिळत नाही.

शेताचे कुंपण आणि आडोशाचे कुंपण यांची कामे वेगळी असल्यामुळे त्यांच्या वनस्पतीही वेगळ्या असाव्या लागतात. कोकणात जिला वई म्हणतात, ती किंवा देशावरच्या बांधावरचे निवडुंग, शेर, सागरगोटा, चिलार यांचे कुंपण गुरे अडवण्यासाठी असते. तिथे काटा आणि चीक यांना महत्त्व असते आणि झुडपाला पाने आहेत की नाहीत याची फिकीर कोणी करत नाही. आडोशासाठी मात्र बाराही महिने पाने हवीत आणि ती जमिनीपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत सलग हवीत. मोगली एरंड गुरे खात नाहीत आणि त्याचे फाटे सहज जगतात, म्हणून तो बांधावर उत्तम ठरतो; परंतु कोरड्या हंगामात तो पाने टाकतो, आणि अंगणात बसण्याचे दिवस सुरू होतात तेव्हाच त्याचा आडोसा नाहीसा होतो.

रांग किती उंच हवी याचा विचार बहुधा अंदाजाने केला जातो आणि अंदाज बहुधा जास्तीचाच असतो. वास्तविक हा साध्या भूमितीचा प्रश्न आहे. शेजारच्या घराच्या पहिल्या मजल्यावरील गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेचार मीटरवर आहेत, अंगणातल्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोके १.१ मीटरवर आहे आणि दोघांमधले आडवे अंतर १२ मीटर आहे असे धरले, तर खुर्चीपासून ३ मीटरवर लावलेली रांग सुमारे २ मीटर उंच झाली की ती नजर अडते. तीच रांग खुर्चीपासून ९ मीटरवर, म्हणजे हद्दीच्या कडेला लावली, तर तिला सुमारे ३.६५ मीटर उंची गाठावी लागते. रांग बसण्याच्या जागेजवळ आणली की कमी उंचीत काम भागते आणि प्रतीक्षेची निदान दोन वर्षे वाचतात; तरीही झुडपे लावायची ती कडेलाच, ही समजूत इतकी पक्की आहे की अंगणाच्या मध्यावर चार मीटर लांबीची आखूड रांग लावण्याचा पर्याय सहसा कोणाला सुचत नाही. उलट तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून येणारी नजर कोणत्याही झुडपाने अडणार नाही. तिथे मांडव घालून त्यावर वेल चढवणे किंवा पसरट छत्राचे एखादे झाड लावणे हाच उपाय उरतो. शेजारच्या खिडकीचा हा प्रश्न कायद्यालाही परिचित आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातील कलम १८ मध्ये रूढीने मिळणाऱ्या हक्कांची उदाहरणे दिली आहेत आणि त्यांत शेजाऱ्याच्या खासगीपणावर अतिक्रमण होईल अशी नवी खिडकी उघडू न देण्याच्या रूढीचा समावेश आहे. अर्थात अशी रूढी न्यायालयात सिद्ध करीत बसण्यापेक्षा झुडपे लावणे स्वस्त पडते.

वनस्पतीची निवड करताना रोपवाटिकेतल्या दिखाऊपणापेक्षा जागेची माती, पाऊस आणि ऊन यांकडे पाहणे श्रेयस्कर असते. कोयनेल ही मूळची समुद्रकाठची वनस्पती असल्यामुळे खारा वारा आणि खारवट माती सहन करते, तिची पाने कडू असल्याने शेळ्या-गुरे तिच्या वाटेला जात नाहीत, आणि पावसाळ्यात तिचे छाट, म्हणजे फांदीचे रोवण्यासाठी घेतलेले तुकडे, सहज मुळे धरतात. सदाहरित असलेल्या कोयनेलला कात्री कितीही लावली तरी ती फुटत राहते, म्हणून जुन्या सरकारी बंगल्यांपासून शाळांच्या आवारांपर्यंत तिची रांग सर्वत्र दिसत असे. मेंदी मराठवाडा आणि विदर्भातील कोरड्या उन्हाला उत्तम तोंड देते, परंतु तिला सावली मानवत नाही आणि कोकणातल्या मुसळधार पावसात ती रडतखडत वाढते. शिवाय पाण्याचा ताण पडला की तिची पाने विरळ होतात. अडुळसा थोडी सावली सोसतो, गुरांच्या तोंडातून सुटतो आणि झाडांखालच्या अडचणीच्या पट्ट्यात उपयोगी पडतो. निरगुडी झपाट्याने वाढते, पण तिचा बांधा मोकळाढाकळा असल्याने काटेकोर भिंतीसारखा आकार तिच्याकडून मिळत नाही. जास्वंद फुलांसाठी लोभस असली तरी पिठ्या ढेकूण या पांढऱ्या, कापसासारख्या किडीला ती सहज बळी पडते आणि संपूर्ण रांग एकट्या जास्वंदीची असेल तर कीड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाते. करवंद हळू वाढते, पण काटे, फळे आणि चिवटपणा या तिन्ही गुणांत त्याची बरोबरी करणारे झुडूप सह्याद्रीच्या परिसरात क्वचितच सापडेल.

काही वनस्पतींविषयी सावधगिरीचा इशारा द्यावा लागतो. कामिनी किंवा कुंती या नावाने ओळखले जाणारे सुगंधी फुलांचे झुडूप दाट, चकचकीत आणि सुबक असते, पण ते संत्रा-मोसंबीच्याच कुळातील आहे आणि लिंबूवर्गीय झाडांवरील सिट्रस सिला या रसशोषक किडीचे ते आवडते आश्रयस्थान आहे. ही कीड फळबागा खिळखिळ्या करणाऱ्या ग्रीनिंग या रोगाचा प्रसार करते, म्हणून नागपूर-अमरावतीच्या संत्रापट्ट्यात, विशेषतः बागांच्या शेजारी, कामिनीची रांग लावणे टाळलेले बरे. पिवळ्या कण्हेरीचे सर्व भाग, त्यातही बिया, अत्यंत विषारी आहेत आणि दुरंताची पिवळीधमक फळेही मुलांनी तोंडात घालण्याजोगी नाहीत. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. घाणेरी न लावताच उगवते आणि रानात पसरून तिथल्या मूळ झुडपांची जागा घेते, तेव्हा ती मुद्दाम लावण्याचे काही कारण नाही. अलीकडे कोनोकार्पस या परदेशी झाडाची मोठी चलती झाली, कारण ते वर्षभर हिरवे राहते आणि फार वेगाने वाढते. मात्र परागकणांमुळे होणाऱ्या त्रासाच्या आणि मुळांनी भूमिगत वाहिन्यांना पोहोचणाऱ्या हानीच्या तक्रारींनंतर गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. खोटा अशोक हा उंच, सडपातळ जातीचा पर्याय इमारतींच्या कडेला लोकप्रिय आहे; तो उंची पटकन गाठतो, पण वय वाढले की त्याचा खालचा भाग उघडा पडू लागतो आणि आडोसा जिथे हवा तिथे खांबांची ओळ उरते.

मातीप्रमाणे वनस्पती निवडण्याचा सर्वांत भव्य प्रयोग या देशात मीठ अडवण्यासाठी झाला, हे कुंपणाच्या इतिहासातले एक विचित्र प्रकरण आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारने मिठावरील कर चुकवणाऱ्यांना रोखण्यासाठी उत्तर आणि मध्य भारतातून शेकडो मैलांची सीमाशुल्क रेषा आखली, ती खानदेशाच्या शेजारच्या बुऱ्हाणपूरपर्यंत येऊन पुढे पूर्वेकडे वळत असे. तोडून रचलेल्या काटेरी फांद्यांचे कुंपण वाळवी, वणवे आणि वादळे यांपुढे टिकेना, तेव्हा १८६७ पासून सीमाशुल्क खात्याचे प्रमुख असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच गृहस्थ, यांनी जिवंत कुंपणाचा कार्यक्रम हाती घेतला. बोर, बाभूळ, करवंद आणि निवडुंगाच्या जाती यांपैकी कोणती कुठल्या मातीत व पावसात टिकते याची त्यांनी चाचणी घेतली, जिथे जमीन निकस होती तिथे बाहेरून माती आणवली, आणि जिथे दुसरे काहीच उगवेना तिथे फड्या निवडुंग लावला. १ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा रद्द झाली आणि कुंपण इतके विसरले गेले की रॉय मॉक्सहॅम यांनी त्याचा शोध घेऊन २००१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध करेपर्यंत सामान्य वाचकाला त्याचा पत्ताही नव्हता. त्याचा हेतू निंद्य होता. तरीही एकाच जातीचा हट्ट न धरता मातीनुसार रांगेत बदल करण्याची त्यामागची दृष्टी आजच्या वीस मीटरच्या हद्दीलाही लागू पडते, कारण एकाच प्लॉटच्या एका टोकाला मुरूम आणि दुसऱ्या टोकाला बांधकामाची भर असणे हे नेहमीचेच आहे.

जमिनीची तयारी उन्हाळ्यात करावयाची असते. प्रत्येक रोपासाठी सुटा खड्डा घेण्याऐवजी सलग चर खणणे अधिक चांगले, कारण रांगेतील मुळांना दोन्ही बाजूंना मोकळी माती मिळते आणि पाणीही सारखे मुरते. चर साधारण अर्धा मीटर रुंद आणि तितकाच खोल घेऊन तो एप्रिल-मे महिन्यांत उन्हात तापू द्यावा, बांधकामाचे तुकडे, चुन्याचे ढेकूळ आणि सिमेंटची खरड वेचून काढावी, आणि पावसाच्या तोंडावर तीन भाग मातीत एक भाग चांगले कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड मिसळून तो भरावा. ताजे शेण चरात घातल्यास कुजताना निर्माण होणारी उष्णता कोवळ्या मुळांना बाधते आणि हुमणीलाही आमंत्रण मिळते. भरलेली माती पहिल्या पावसात खचते, म्हणून ती जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवावी. काळ्या मातीत तर वरंबा करून त्यावरच लागवड करावी, कारण पाणी साचलेल्या काळ्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही आणि रोपे पिवळी पडून बसतात. भिंतीला खेटून लागवड करण्याची चूक फार आढळते. तयार रांगेची जाडी एक मीटर धरली, तर तिचा मध्य भिंतीपासून किमान ६० ते ७५ सेंटीमीटर दूर हवा, नाहीतर भिंतीकडची बाजू अंधारात राहून वाळते आणि तिथे कात्री घेऊन शिरायलाही जागा उरत नाही.

रोपांतील अंतर जातीवर अवलंबून असते. कोयनेल, मेंदी किंवा अडुळसा यांसाठी ३० ते ४५ सेंटीमीटर पुरते, करवंदाला त्याहून अधिक जागा लागते. वीस मीटरच्या एकेरी रांगेला ४५ सेंटीमीटर अंतराने सुमारे ४५ रोपे लागतात. दाट आडोसा लवकर हवा असेल तर दोन रांगा नागमोडी, म्हणजे एका रांगेतले रोप दुसऱ्या रांगेतल्या दोन रोपांच्या मधल्या जागेसमोर येईल अशा, लावतात. रोपे निवडताना उंचीला भुलू नये. पाच फुटांचे सोटासारखे वाढलेले रोप महाग असते आणि बुंध्याशी उघडे असते. त्याऐवजी दीड फुटाचे, बुंध्यापासून फांद्या फुटलेले रोप दोन वर्षांत त्याला मागे टाकते. पिशवीच्या तळाशी मुळे गोल फिरून गुंता झालेला असेल तर तो हलक्या हाताने सोडवावा किंवा कडेने कापावा, आणि प्लॅस्टिकची पिशवी पूर्णपणे काढावी, हे सांगण्याची वेळ अजूनही येते. लागवडीचा उत्तम काळ म्हणजे जमीन वीतभर खोल ओली झाल्यानंतरचे जून-जुलैमधले दिवस. मृगाच्या पहिल्या सरीवर विसंबून घाईने लावलेली रोपे नंतरच्या उघडिपीत माना टाकतात.

यानंतर येते ते सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत नकोसे वाटणारे काम. प्रत्येक फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते, ते खाली झिरपत जाऊन बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे पानांच्या बेचक्यांतील सुप्त कळ्यांना, फुटू देत नाही; वनस्पतिशास्त्रात याला अग्रप्रभुत्व म्हणतात. शेंडा शाबूत राहिला की झाड सरळ वर जाते, आणि शेंडा काढला की दबून राहिलेले डोळे जागे होऊन एका फांदीच्या जागी दोन-तीन फुटवे येतात. म्हणून रोप रुजून नवी पालवी दिसू लागल्यावर, साधारण महिना-दीड महिन्याने, कोयनेल किंवा मेंदीसारख्या जोमदार जाती जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटरवर निर्धाराने कापाव्यात. त्या कापाखालून आलेले फुटवे वीतभर वाढले की त्यांची निम्मी वाढ पुन्हा कापावी, आणि हा क्रम रांग गुडघ्यापर्यंत व नंतर कमरेपर्यंत दाट होईपर्यंत चालू ठेवावा. नुकतीच पैसे मोजून आणलेली रोपे कापून टाकणे मालकाला क्रूरपणाचे वाटते आणि माळीही बहुधा मालकाच्या मर्जीसाठी ते टाळतो, पण या दोन-तीन कापांवरच रांगेचे सारे आयुष्य ठरते. कामिनी आणि करवंद यांसारख्या सावकाश वाढणाऱ्या जातींना इतका खोल काप मानवत नाही; त्यांचे केवळ शेंडे खुडत राहावेत.

आकाराविषयी एकच नियम पाळला तरी पुरे: रांगेचा पाया माथ्यापेक्षा रुंद असावा. माथा रुंद झाला की खालच्या पानांवर सावली पडते, सावलीतली पाने झाडाला पोसण्याजोगे अन्न तयार करू शकत नाहीत आणि झाड ती टाकून देते. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून सुतळी ताणावी आणि त्या रेषेवर छाटणी करावी, कारण नजरेच्या अंदाजाने कापलेली रांग हमखास लाटांसारखी होते. छाटणीपूर्वी घरट्यांकडे लक्ष द्यावे. शिंपी पक्षी पाने शिवून केलेले घर अशा झुडपांतच लपवतो आणि बुलबुलालाही ही जागा आवडते.

पाण्याच्या बाबतीत पहिला उन्हाळा निर्णायक असतो. रोज वरवर शिंपडलेले पाणी वरच्या दोन बोटे मातीत राहते आणि मुळेही तिथेच घुटमळतात, म्हणून पाणी कमी वेळा पण वीत-दीड वीत खोल मुरेल इतके द्यावे. ऑक्टोबरचे ऊन सुरू झाल्यावर हलक्या जमिनीत तीन-चार दिवसांनी आणि एप्रिल-मेमध्ये दिवसाआड पाणी लागते. काळी माती ओल धरून ठेवत असल्याने तिथे मध्ये अधिक दिवस गेले तरी चालतात, आणि शंका आल्यास बोट खुपसून पाहण्याइतकी खात्रीची दुसरी पद्धत नाही. सरळ रांगेला ठिबकची एकच नळी पुरत असल्यामुळे तो खर्च वसूल होतो. बुंध्यापासून थोडे अंतर सोडून उसाच्या पाचटाचे किंवा वाळक्या पानांचे तीन-चार बोटे जाड आच्छादन घातले तर ओल टिकते आणि खुरपणीचे काम बरेच कमी होते. फक्त वाळवीवर लक्ष ठेवावे लागते.

रांग डोळ्यांच्या उंचीला पोहोचण्यास जोमदार जातींनाही अडीच-तीन वर्षे लागतात, आणि तोवर उघड्यावर बसण्याची तयारी नसल्यामुळेच उंचीची घाई होते. त्यावर हिरवी शेडनेट हा झटपट, पण रुक्ष उपाय आहे. पानमळ्यात वेलींना आधार आणि सावली मिळावी म्हणून जी शेवरी लावतात, तिची एक ओळ कायमच्या रांगेपासून पाऊण-एक मीटर दूर पेरली, तर पाच-सहा महिन्यांत ती माणसाच्या डोक्याच्या वर जाते, आणि शेंगावर्गीय असल्याने तिच्या मुळांवरील गाठी जमिनीला नत्रही देतात. तूरही हे काम करते आणि वर शेंगा देते. मात्र अशी तात्पुरती ओळ दुसऱ्या पावसाळ्यापूर्वी काढून टाकण्याचा निश्चय आधीच केलेला असावा, नाहीतर तिच्या सावलीत मूळ रांगच खुरटते.

पहिल्या वर्षी काही रोपे मरणारच. शेतकरी पिकात जशा नांग्या भरतो, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे लावतो, तशा त्या लगेच भराव्या लागतात, कारण शेजारची झुडपे एकदा वाढली की त्यांच्या मुळांच्या आणि सावलीच्या कचाट्यात उशिरा लावलेले रोप तगत नाही. यासाठी खरेदीच्या वेळीच शेकडा दहा रोपे जास्त घेऊन ती मोठ्या पिशव्यांत वाढवत ठेवावीत. मुळांची हीच भूक पुढे आतल्या फुलझाडांनाही जाणवते आणि कुंपणानेच शेत खाल्ल्याची म्हण अक्षरशः खरी ठरते. वाफे रांगेपासून मीटरभर दूर आखावेत किंवा वर्षातून एकदा वाफ्याच्या कडेने फावडे खोल मारून आत शिरलेली मुळे तोडावीत.

रांगेची बाहेरची बाजू कोण आणि कुठून छाटणार, हा प्रश्न लागवडीच्या वेळी कोणालाच पडत नाही आणि तिसऱ्या वर्षी तो भांडणाचे कारण होतो. हद्दीपासून मीटरभर आत लागवड केली असेल तर बाहेरची बाजूही स्वतःच्याच जमिनीवर उभे राहून कापता येते. हद्दीवर सामाईक रांग लावायची झाल्यास मात्र तिची जात, तिची ठेवायची उंची आणि माळ्याच्या मजुरीची वाटणी यांविषयी दोन्ही घरांचे आधीच लेखी ठरलेले असावे, आणि छाटलेला पाला कोणाच्या अंगणात पडायचा व कोणी उचलायचा हेही त्याच कागदावर यावे.